राजधानीतील सारीपाट आणि निगडीचा नळ

२३ नोव्हेंबर २०१९ रोजी भल्या पहाटे मुंबईच्या राजभवनात एक शपथविधी झाला आणि अवघा महाराष्ट्र डोळे चोळत जागा झाला. ते सरकार २६ नोव्हेंबरला कोसळले. या दोन तारखांच्या मध्ये, २५ नोव्हेंबरला, पिंपरी-चिंचवडमध्ये आणखी एक घटना घडली. तिची नोंद राजकीय इतिहासात होणार नाही. त्या दिवसापासून महापालिकेने शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. समन्यायी वितरणासाठी केलेली ही तात्पुरती व्यवस्था आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. त्यानंतर राज्याने उद्धव ठाकरे, एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस असे तीन मुख्यमंत्री पाहिले, दोन मोठे पक्ष दुभंगलेले पाहिले, सुरत-गुवाहाटीच्या वाऱ्या पाहिल्या. निगडी-प्राधिकरणातील गृहिणी मात्र या साऱ्या काळात एक दिवसाआड पिंप भरत राहिली.

या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे, असा दावा आम्ही करणार नाही. परंतु राजधानीतील सारीपाटावर सोंगट्या इकडून तिकडे सरकत असताना त्या पटाखालच्या माणसांचे काय होते, याचा विचार करू जाता निगडीचा नळ हे चांगले उदाहरण ठरते.

निगडीतून पाहिले की या प्रश्नाची गुंतागुंत लक्षात येते. पवना धरणाचे पाणी नदीपात्रात सोडायचे, ते रावेतच्या बंधाऱ्याजवळून उचलायचे आणि निगडीच्या सेक्टर २३ मधील जलशुद्धीकरण केंद्रात आणायचे, अशी ही व्यवस्था आहे. त्याऐवजी धरणापासून निगडीपर्यंत थेट बंद जलवाहिनी टाकण्याची योजना २००८ साली पुढे आली. मावळातील शेतकऱ्यांना तीत आपल्या हक्काच्या पाण्यावरचे संकट दिसले. ९ ऑगस्ट २०११ रोजी, नेमक्या क्रांतिदिनी, द्रुतगती महामार्गावर आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. एका भगिनीसह तिघांचे प्राण गेले. योजना थांबली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने ती स्थगिती उठवली.

या बारा वर्षांत एका गोष्टीची वाण राहिली, ती म्हणजे मावळचा शेतकरी आणि शहराचा नागरिक यांना समोरासमोर बसवून विश्वास देणाऱ्या नेतृत्वाची. तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांना योजना हवी होती आणि विरोधकांना आंदोलन. पुढे सत्ताधारी विरोधक झाले, विरोधक सत्ताधारी झाले आणि शेवटी दोघांतील काही जण एकाच मंत्रिमंडळात जाऊन बसले. मावळातील घरांचे दुःख आणि शहरातील घरांची तहान मात्र जिथल्या तिथे राहिली. वास्तविक ही दोन्ही घरे एकाच समाजाची आहेत. शहरात कामगार म्हणून आलेल्या कित्येकांची शेती आजही मावळात, खेडमध्ये, जुन्नरमध्ये आहे. त्यांना परस्परांचे शत्रू ठरवणे हे फक्त राजकारणालाच परवडते.

राज्यातील उलथापालथीची सर्वांत मोठी किंमत या शहराने मोजली, ती आपले लोकनियुक्त सभागृह गमावून. २०१७ च्या निवडणुकीत १२८ पैकी ७७ जागा जिंकून भाजपाने येथे प्रथमच सत्ता मिळवली. त्या सभागृहाची मुदत १३ मार्च २०२२ रोजी संपली आणि आयुक्त हेच प्रशासक झाले. पुढील निवडणुकीचे मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे जवळजवळ चार वर्षे एका महानगराचा कारभार एकाही नगरसेवकाविना चालला. ज्या शहराचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक केंद्रीय योजनांसह साडेनऊ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेले, त्या अंदाजपत्रकावर सभागृहात चर्चा करणारा एकही लोकप्रतिनिधी नव्हता.

हे का झाले? इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, हे खरे आहे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्रिसूत्रीची अट घातली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये 'जैसे थे'चा आदेश दिला. तो तिढा सुटायला मे २०२५ उजाडले. परंतु सारा दोष न्यायालयाच्या माथी मारून राजकीय पक्षांना हात झटकता येणार नाहीत. महाविकास आघाडीच्या काळात तीन सदस्यांचे प्रभाग आणि १३९ नगरसेवक अशी रचना झाली. सरकार बदलताच ऑगस्ट २०२२ मध्ये ती मोडून पुन्हा चार सदस्यांचा प्रभाग आणि १२८ नगरसेवक हे जुने सूत्र आले. आपला प्रभाग कोणता, हे नागरिकाला कळेनासे झाले. त्याआधी, मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचा अधिकार राज्य शासनाकडे घेणारा कायदा विधिमंडळाने केला, तो एकमताने. त्या वेळी सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात मतभेद नव्हते. ज्यांना एरवी एकमेकांचे तोंडही पाहवत नाही, त्यांचे या एका बाबतीत एकमत व्हावे, यातच सारे आले.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना पाच वर्षांची मुदत दिली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातले. लोकसभा वा विधानसभा चार वर्षे रिकामी ठेवण्याची कल्पना तरी कोणी सहन केली असती काय? आणीबाणीत लोकशाहीसाठी तुरुंगवास सोसलेली पिढी आपल्यात अजून आहे. त्या पिढीचा वारसा सांगणाऱ्यांनी महापालिकेतील लोकशाही ही कमी प्रतीची मानू नये.

प्रशासकाच्या काळात कामे झाली नाहीत, असे नाही. काही कामे तर वेगाने झाली. परंतु वेग आणि उत्तरदायित्व या भिन्न गोष्टी आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीच्या कुदळवाडीत भंगार दुकाने, गोदामे आणि लघुउद्योगांची हजारो बांधकामे पाडण्यात आली. त्याच वर्षी १७ मे रोजी चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशानुसार जमीनदोस्त झाले. अनधिकृत बांधकामांचे समर्थन आम्ही करणार नाही. इंद्रायणीसारख्या पुण्यसलिलेचे पात्र गिळले जात असेल, तर कारवाई झालीच पाहिजे. परंतु आयुष्याची पुंजी घालून घर बांधणारा मध्यमवर्गीय उघड्यावर येत असताना, भिंती उभ्या राहत होत्या तेव्हा कोणी डोळेझाक केली, हा प्रश्न सभागृहात उभा राहून विचारणारे कोणी नव्हते. मे २०२५ मध्ये शहराच्या सुधारित विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यावर हजारो हरकती आल्या. पुढील वीस वर्षांचे शहर कसे असावे याचा नकाशा सभागृहाच्या गैरहजेरीत आखला जावा, यापरते दुर्दैव कोणते?

निगडीकरांच्या जिव्हाळ्याचा आणखी एक विषय म्हणजे प्राधिकरण. औद्योगिक कामगारांना परवडणारी घरे मिळावीत, या हेतूने १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली. निगडी, आकुर्डी, भोसरी परिसरातील शेतकऱ्यांनी त्यासाठी जमिनी दिल्या. आज सुबक दिसणाऱ्या पेठा त्यांच्याच वावरांवर उभ्या आहेत. २०२१ साली राज्य शासनाने हे प्राधिकरण विसर्जित केले, काही भाग महापालिकेकडे आणि काही पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपवला. निर्णयामागे सोय होती की सत्तेची गणिते, याचा वाद होत राहील. परंतु १९७२ ते १९८३ या काळात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या साडेबारा टक्के परताव्याचे गाऱ्हाणे नेमके कोणापुढे मांडायचे, हा प्रश्न त्या विभाजनाने अधिकच अवघड केला. जमीन देणारा आजोबा गेला, अर्ज करणारा मुलगा थकला, आता नातू हेलपाटे घालतो आहे.

चाकण-तळेगाव पट्ट्यालाही या अस्थैर्याची झळ पोहोचली. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेल्याचे जाहीर झाले. आघाडीने नव्या सरकारकडे बोट दाखवले, नव्या सरकारने जुन्याकडे. २०२३ च्या जुलैमध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले, तरी आरोपांचा धुरळा उडतच राहिला. उद्योगाला करसवलतीइतकीच शाश्वतीही हवी असते. ज्या राज्यात कोणता मंत्री कोणत्या गटात आहे हे सकाळच्या वृत्तपत्रात पाहावे लागते, तेथे ती द्यायची कोणी? जिल्ह्याचे पालकमंत्रिपदही जून २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या अवधीत अजित पवारांकडून चंद्रकांत पाटील यांच्याकडे आणि तेथून पुन्हा अजित पवारांकडे गेले.

याच काळातील एक उदाहरण मात्र वेगळे आहे. अनधिकृत घरांवरील शास्तीकराचा जाच शहरातील कष्टकऱ्यांना वर्षानुवर्षे होत होता. तो रद्द व्हावा म्हणून आमदार लक्ष्मण जगताप, महेश लांडगे यांच्यासह अनेकांनी सातत्याने पाठपुरावा केला. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात घोषणा झाली आणि मार्च २०२३ मध्ये शासन निर्णय निघाला. तोवर जगताप आपल्यात राहिले नव्हते. सत्तांतराने काही बिघडते तसे काही सुटतेही. परंतु सुटते ते स्थानिक माणूस प्रश्नाला चिकटून राहतो तेव्हाच, हा त्यातला धडा आहे.

आता थोडे स्वतःविषयी. या शहरात ज्या कार्यकर्त्याने ऐन उमेदीची वर्षे राष्ट्रवादी काँग्रेसच्या एकछत्री कारभाराविरुद्ध घरोघरी फिरण्यात घालवली, त्याला २ जुलै २०२३ नंतर त्याच नेत्यांच्या स्वागताला उभे राहावे लागले. २०२६ च्या जानेवारीत पुन्हा त्यांच्याविरुद्ध प्रचार करावा लागला. राज्यात मित्र, शहरात प्रतिस्पर्धी! ज्या दारावर त्याने हे तिन्ही अवतार नेले, त्या दारातील वडीलधाऱ्यांनी त्याला हसून पाणी दिले असेल, पण मनात काय म्हटले असेल? राजकारणात तडजोड अपरिहार्य असते, हे आम्ही जाणतो. परंतु तडजोडीचे समर्थन करता करता समाजाचा प्रश्न विचारण्याची आपली सवय मोडली, तर तो तोटा कोणत्याही बहुमताने भरून निघत नाही. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून नळाला पाणी का नाही, हे विचारायचे नाही, असा नियम कोणी केलेला नाही. उलट, आपल्यांना विचारण्याचे कर्तव्य अधिक मोठे आहे.

मतदारांनी २०२६ मध्ये भाजपाला पुन्हा बहुमत दिले आहे. आता सबबीला जागा उरलेली नाही. पाणी रोज केव्हा येणार, याची तारीख सभागृहात सांगितली गेली पाहिजे. मावळच्या शेतकऱ्यांशी बोलल्याशिवाय जलवाहिनीचा एकही पाइप पुढे सरकू नये. प्रभागरचनेचा अधिकार कायमचा निवडणूक आयोगाकडे राहावा, मुदत संपताच निवडणूक व्हावी, यासाठी आपल्याच आमदारांनी विधिमंडळात आग्रह धरला पाहिजे. आणि नागरिकांनीही मतदानाची शाई वाळताच घरी बसू नये. सोसायट्यांनी, गणेश मंडळांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी प्रभागातील कामांचा हिशेब दर तीन महिन्यांनी मागावा.

निगडीच्या चौकात भक्ती-शक्तीचे शिल्प उभे आहे. छत्रपती शिवराय आणि जगद्गुरू तुकोबाराय यांची ती भेट आहे. सत्ता आणि लोक यांचे नाते कसे असावे, हे त्या शिल्पात दिसते. शक्ती तेथे भक्तीपुढे नम्र आहे. राजधानीत पट मांडून बसलेल्यांनी एकदा या चौकात येऊन उभे राहावे. आणि जमल्यास, पाणी न येण्याच्या दिवशी यावे.