अ‍ॅफ्रोडायटीचे वडील नक्की कोण?

इथे इंग्लंडात प्राथमिक शाळेत प्राचीन ग्रीस शिकवतात, त्यामुळे ग्रीक देवांच्या वंशवृक्षाचं रंगीत पोस्टर मुलांबरोबर आपल्याही घरात येतं. माझी तक्रार त्या पोस्टरबद्दल आहे. प्रत्येकाला एक आई, एक वडील, मध्ये सरळ रेघ. ग्रामपंचायतीचा जन्मदाखलाच जणू!

मूळ ग्रंथांत असं काही नाही. होमरच्या 'इलियड'मध्ये अ‍ॅफ्रोडायटी ही झ्यूस आणि डायोनीची मुलगी. हेसिअडच्या 'थिओगनी'त मात्र ती झ्यूसच्या आधीची, युरेनसच्या कापलेल्या अवयवाभोवती जमलेल्या समुद्राच्या फेसातून आलेली. म्हणजे एकीकडे झ्यूसची लेक, तर दुसरीकडे नात्याने त्याची आत्या. हेसिअडचं स्वतःचंही एक धड नाही: नियतीच्या तिघी बहिणी त्याच काव्यात आधी रात्रीच्या मुली आहेत, पुढे झ्यूस आणि थेमिसच्या. झ्यूसचं डोकं फोडून अथेनाला बाहेर काढणारा हेफेस्टस, असं आपण वाचतो. पण हेसिअड म्हणतो, अथेना जन्मली म्हणून चिडलेल्या हेराने मग एकटीनेच हेफेस्टसला जन्म दिला. मग कुऱ्हाड चालवली कोणी? अपोलोडोरसच्या नावावर असलेला ग्रंथ प्रोमिथियसचं नाव घेतो आणि काही जण हेफेस्टस म्हणतात, अशी पुस्ती जोडतो. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

आणि हा केवळ पंडिती वाद नव्हता. सॅलॅमिस बेटावरून अथेन्स आणि मेगारा यांच्यात भांडण होतं. प्लुटार्क सांगतो, की सोलोनने अथेन्सची बाजू मांडताना, एजॅक्सच्या फिलायस आणि युरिसेसीस या दोन मुलांनी अथेन्सचं नागरिकत्व घेऊन बेट देऊन टाकलं, असा पुरावा दिला. निवाडा करायला स्पार्टाचे पाच पंच होते. पण पॉसेनियसकडे हाच फिलायस युरिसेसीसचा मुलगा, म्हणजे एजॅक्सचा नातू होतो. वंशावळ हाच जिथे सातबारा, तिथे एकेक पिढी महत्त्वाची. पोस्टरवरच्या सरळ रेघेत हे सगळं भांडण पुसलं जातं.

मुलं गोंधळतील, असं मला एका पालकांनी सुनावलं. मला नाही तसं वाटत. आपला कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, पण इथल्याच मुरुगन देवळात तो वल्ली आणि देवसेनेसह उभा असतो. आपली मुलं दोन्हीकडे नमस्कार करून प्रसाद खातात. गोंधळ झालाच तर मोठ्यांचा होतो, कारण आपल्याला 'खरं काय ते एकदाच सांगा' अशी सवय लागलेली असते.

पोस्टर फाडा असं माझं म्हणणं नाही. अ‍ॅफ्रोडायटीपासून दोन रेघा काढा, एक झ्यूसकडे, एक समुद्राकडे, आणि प्रत्येकीवर कवीचं नाव लिहा. जागा पुरते, मी पेन्सिलने काढून बघितलंय.