पेटी चालते, मग गिटार का नाही?



आमच्या पाली परिसरात गणपती जवळ आले की जाखडीचे सराव सुरू होतात. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी आठवीतल्या एका मुलाने जाखडीच्या चालीला गिटारची साथ बसवली होती. मी म्हटलं, "एक काय ते ठरव. जाखडी तरी कर, नाहीतर गिटार वाजव." त्याने गिटार घरी ठेवली. त्याचं नेमकं चुकलं काय, हे मला अजून सांगता आलेलं नाही.

तुम्हाला नंदू भेंडे आठवतात का? आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. घर मराठी नाटकाचं आणि पोरगा गाणार इंग्रजी रॉक! अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी जुडास केला. मग १९७८ साली जब्बार पटेलांनी 'तीन पैशाचा तमाशा' बसवला, तेव्हा त्यातल्या दरोडेखोर नायकाची भूमिका या रॉक गायकाकडे आली. एकाच नाटकात नाट्यपदाचा, लावणीचा बाज आणि पाश्चात्त्य संगीतही. पु. लं.नी हे नाटक ज्या ब्रेख्तच्या संगीतिकेवरून केलं, ती १९२८ची. तिच्यात कुर्ट वाईलने जॅझ आणला होता. आणि तिचं मूळ १७२८च्या जॉन गेच्या नाटकात, जिथे रस्त्यावरच्या चाली ऑपेराच्या थाटात बसवल्या होत्या. म्हणजे ही मिसळ जवळजवळ तीनशे वर्षांची!

बरं, आपल्या भजनातली पेटी तरी कुठली? तीही युरोपातूनच आली. आज पेटीशिवाय बारीला कोणी बसेल का?

मात्र काहीही कशातही घातलं की झालं, असं मी म्हणत नाही. शक्ती-तुऱ्यात सवाल-जवाब असतात. डीजेच्या दणदणाटात शब्दच ऐकू येईनासे झाले तर सवाल कळणार कसा आणि जवाब द्यायचा कशाला? भेंड्यांना रॉक येत होतं आणि मराठी रंगभूमी घरातच होती. दोन्हीकडचं कानावर पडलेलं होतं. आपण मुलांना निदान तेवढं ऐकवतो का? पालकहो, तुमच्या गावचा नाच पोरांनी मोबाईलवर नव्हे, अंगणात बसून शेवटचा कधी पाहिला?

तो मुलगा आता नववीत आहे. परवा मीच त्याला थांबवलं आणि म्हटलं, "गिटार आण. पण आधी मृदंगवाल्या काकांकडे चार दिवस बस." तो म्हणाला, "सर, तुम्हीच तर नको म्हणाला होतात."

म्हटलं, "हो. म्हणालो होतो."