मुक्काम कोणाच्या दारी?

प्रवासाने मनुष्य शहाणा होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अलीकडे मला याविषयी शंका येऊ लागली आहे, आणि ती शंका वाचकांपुढे उघडपणे मांडण्याचे मी ठरविले आहे. काहींना ती रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे.

गेल्या वैशाखात आमच्या धर्मग्रामात एक तरुण पाहुणा आला. आपल्याच समाजातील, चांगल्या घरचा. मोठ्या पगाराची नोकरी सोडून दोन वर्षे तो देशभर फिरत होता. आपण पर्यटक नसून ‘दीर्घप्रवासी’ आहोत, असे तो सांगे. पर्यटक स्थळे पाहतो, आपण स्थळांत राहतो; पर्यटकाला घाई असते, आपल्याला नाही; संथ प्रवास हीच खरी साधना, असे त्याचे म्हणणे. रविवारच्या मिस्सानंतर त्याने या विषयावर भाषण केले. आमची मंडळी भारावून गेली आणि घरोघरी त्याला जेवणाची आमंत्रणे झाली. तो अकरा दिवस राहिला.

घाईविरुद्ध तो जे बोलला त्यात मला वावगे काही वाटले नाही. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला आणि मोटारींना त्यावर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्यावरून येणारी मंडळी सेवाग्रामला बापूकुटीसमोर छायाचित्र काढतात, पवनारला धाम नदीच्या पुलावर उभी राहतात आणि सायंकाळी नागपुरात जेवतात. आपल्या यात्राही याहून निराळ्या नाहीत. वेळांकण्णीच्या सहलीत मातेसमोर किती वेळ गेला आणि खरेदीत किती, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा. तेव्हा घाईचा कैवार मला घ्यायचा नाही. माझा वाद संथपणाच्या अहंकाराशी आहे.

अकराव्या दिवशी मी त्या तरुणाला विचारले, ‘‘रोज सकाळी तुझ्यासाठी भाकरी भाजणाऱ्या बाईंचे नाव काय?’’ त्याला ते सांगता आले नाही.

संथ चालणे हाच जर सद्गुण असेल, तर गोगलगायीला संतपद द्यावे लागेल. प्रवासी किती दिवस राहिला याला माझ्या लेखी फारसे मोल नाही. तो कोणासाठी निघाला आणि ज्याच्या दारी उतरला त्याच्याशी त्याचे नाते काय जडले, हे पाहावे. याचा धडा घ्यायला वर्धा जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही.

१२ सप्टेंबर १९५१ रोजी आचार्य विनोबा भावे पवनारहून दिल्लीकडे पायी निघाले. त्याच वर्षी एप्रिलात तेलंगणातील पोचमपल्लीत भूमिहीन हरिजनांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली होती आणि गावातील एका जमीनदाराने १०० एकर देऊ केली होती. त्यातून भूदान निघाले. विनोबा पवनारला परतले ते एप्रिल १९६४ मध्ये. मधली साडेबारा वर्षे रोज पहाटे उठून चालणे आणि रोज नवे गाव. यापेक्षा दीर्घ आणि यापेक्षा संथ प्रवास आधुनिक भारतात क्वचितच कोणी केला असेल. मिळालेल्या जमिनीतील पुष्कळशी खडकाळ निघाली, पुष्कळशी वाटलीच गेली नाही, हा आक्षेप खरा आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु या माणसाने प्रत्येक दारी जे मागितले ते दुसऱ्यासाठी मागितले. आपल्या आत्म्याची शांती शोधत तो गावोगाव फिरत नव्हता.

आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये अशी एक गोष्ट त्या पदयात्रेत घडली. १९५७ साली केरळात गुरुवायूरच्या मंदिरात विनोबांना प्रवेश होता, पण त्यांच्या ख्रिस्ती सोबत्यांना नव्हता. विनोबा आत गेले नाहीत. बरोबर चालणाऱ्याला बाहेर ठेवून आपण दर्शन घ्यावे, हे त्यांना मान्य झाले नाही. पुढे १९६२ साली सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण विनोबांचा आशीर्वाद घेऊन अणुशस्त्रांविरुद्ध दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टनच्या यात्रेस निघाले, तेव्हा विनोबांनी त्यांना पैसा जवळ न बाळगण्याचा सल्ला दिला. पैसा नसला म्हणजे माणसाच्या दारी जावेच लागते. आमच्या पाहुण्याच्या खिशात बँकेचे कार्ड होते. याबद्दल मी त्याला दोष देत नाही. माझ्याही खिशात आहे.

प्रभू येशूने बहात्तर शिष्यांना पाठविताना सांगितले ते संत लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. थैली घेऊ नये, एकाच घरी राहावे, पुढे येईल ते खावे, घरे बदलत फिरू नये. आरंभीची ख्रिस्तसभा तर याबाबत फार कडक होती. ‘दिदाखे’ हा प्रेषितांच्या शिकवणीचा प्राचीन ग्रंथ सांगतो की, फिरत्या प्रेषिताने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा. पैसे मागितले तरीही खोटा. ज्याला कायमचे राहायचे आहे त्याने काम करून खावे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या पहिल्याच प्रकरणात मठामठांतून तीन-चार दिवस पाहुणचार झोडत आयुष्यभर भटकणाऱ्या साधूंवर जे कोरडे ओढले आहेत, ते सेमिनरीत वाचताना आम्हाला हसू येई. आज येत नाही.

आणि दीर्घप्रवासी म्हणावे तर फादर थॉमस स्टीफन्स यांना म्हणावे. ते १५७९ साली लिस्बनहून गलबतात बसले, त्याच वर्षी गोव्याला उतरले आणि १६१९ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. चाळीस वर्षांचा मुक्काम! यजमानांची भाषा ते इतकी शिकले की, १६१६ साली छापलेले त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीचे भूषण ठरले. त्यांच्या तोंडी यजमानांची नावे नक्कीच असतील.

एवढे लिहून मी लेखणी खाली ठेवली असती तर हा लेख माझ्यासाठी सुखाचा झाला असता. परंतु त्या तरुणाने जाण्यापूर्वी मला एक प्रश्न विचारला होता, तो अजून सांगायचा आहे.

आमच्या भागात कच्छकडून आलेले रबारी आहेत. आपण त्यांना सरसकट ‘काठेवाडी’ म्हणून मोकळे होतो. उंटांवर बिऱ्हाड लादून, मेंढरांचे कळप घेऊन ही कुटुंबे विदर्भात फिरतात. त्यांतील अनेकांचा जन्मच येथला. कापूस निघाला, शेते मोकळी झाली की शेतकरी त्यांना बोलावतात. रात्रभर मेंढ्या शेतात बसवायच्या, लेंडीचे खत जमिनीला मिळायचे आणि बदल्यात धान्य किंवा पैसा द्यायचा, असा हा व्यवहार. शेताला त्यांची गरज असते, गावाला मात्र त्यांची अडचण होते. चराईवरून तंटे होतात आणि चोरी झाली की पहिला संशय डेऱ्यावर जातो.

त्याच वैशाखात एक डेरा आमच्या कुंपणामागच्या शेतात उतरला होता. डेऱ्यातील एक म्हातारी चर्चच्या आवारातील विहिरीचे पाणी मागायला आली. मंडळातील काहींचे म्हणणे पडले की, जनावरे आली की आवार घाण होईल, मुलांच्या धर्मशिक्षणाचे शिबिर तोंडावर आहे, आणि एकदा दिले की दरवर्षी द्यावे लागेल. मी वाद घातला नाही. नदीवर जावे, असा निरोप मी पाठविला. वैशाखात आमच्या नदीत किती पाणी असते ते मला माहीत होते.

तो तरुण एका संध्याकाळी त्या डेऱ्यावर जाऊन बसला. छायाचित्रे काढायलाच गेला असेल, असे मी मनात म्हणालो. परत आल्यावर त्याने विचारले, ‘‘फादर, आपली विहीर आटली आहे का? त्या आजी म्हणत होत्या, तिच्या सासऱ्याचे उंट याच विहिरीवर पाणी प्यायचे. तेव्हा येथे कुंपण नव्हते.’’

ज्या संत बेनेडिक्टने भटक्या साधूंना झोडपले, त्यानेच त्याच नियमावलीत आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. दूरदेशीचा यात्रेकरू साधू जर नम्रपणे मठातील एखादी उणीव दाखवून देईल, तर मठाधिपतीने विचार करावा की, प्रभूने कदाचित त्याला याचसाठी पाठविले असेल. हे प्रकरण सेमिनरीत आम्ही कधी चर्चेला घेतल्याचे मला आठवत नाही.

सेवाग्रामला बापूकुटीपासून थोड्याच अंतरावर परचुरे शास्त्रींची कुटी आहे. कुष्ठरोगाने ग्रासलेला हा संस्कृत पंडित १९३९ साली आश्रमाच्या दारी आला. त्याला कुठे पाठवावे याची चर्चा तेव्हाही झाली असेलच. गांधीजींनी त्याला ठेवून घेतले आणि त्याच्या जखमा स्वतः धुतल्या. आपल्या सहलींतील मुले त्या कुटीसमोरून रांगेने जातात. मीही त्यांना अनेकदा नेले आहे आणि हीच गोष्ट अभिमानाने सांगितली आहे.

अकरा दिवस पाहुणचार झोडणाऱ्या सुशिक्षित भटक्याला आम्ही खोली दिली, पंखा दिला, व्यासपीठ दिले. पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने चालणाऱ्यांना आम्ही दोन बादल्या पाणी दिले नाही. २०२५ चे जयंती वर्ष पोप फ्रान्सिस यांनी ‘आशेचे यात्रेकरू’ या ब्रीदाखाली जाहीर केले होते. त्याचा फलक आमच्या फाटकावर लावलेला होता, आणि त्याच फाटकातून ती म्हातारी रिकामी घागर घेऊन परत गेली.

कोणी म्हणेल, फादर, तुमचा दोष तुम्ही समाजावर का लादता? माझा दोष मी पापनिवेदनात सांगितला आहे. परंतु मंडळाच्या बैठकीत माझ्याबरोबर आणखी आठ माना हलल्या होत्या, आणि तशा माना इतर धर्मग्रामांतही हलत असतील असा माझा कयास आहे. आपल्या आवारांतील विहिरी, नळ, मोकळ्या जागा आणि सावल्या कोणासाठी आहेत, हे प्रत्येक मंडळाने एकदा कागदावर लिहून पाहावे.

विहिरीच्या बाजूचे छोटे फाटक फाल्गुनापासून मृगापर्यंत उघडे ठेवावे आणि तेथे जनावरांसाठी एक हौद बांधावा, असा ठराव मी मंडळापुढे ठेवला आहे. हौदाचा खर्च फार नाही. दोन बैठका झाल्या. ठराव अद्याप संमत झालेला नाही. कापूस वेचून झाला की डेरा येईल.