आधी बॅकअप घ्या!

"किती लुमेनचा घेऊ?"

नाइट डाइव्ह ठरली की पहिला प्रश्न हाच. अंदमानची तिकिटं काढून झालेली असतात, हॅवलॉकला रात्रीची एक डाइव्ह करायचीच असं पक्कं असतं, आणि मग शनिवारची अख्खी दुपार ऑनलाइन दुकानांत टॉर्चच्या फोटोंखालचे आकडे वाचण्यात जाते. दोन हजार, चार हजार, दहा हजार! ज्याचा आकडा सगळ्यात मोठा आणि जो बजेटात बसतो, तो झाला 'प्रायमरी'. पैसे उरले तर एखादा पिटुकला 'बॅकअप'. नाही उरले तर "बडीकडे असेलच की".

(ज्यांनी अजून पाण्याखाली डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी: प्रायमरी म्हणजे डाइव्हभर हातात पेटता ठेवायचा मुख्य टॉर्च. तो गेला तर काढायचा तो बॅकअप. बडी म्हणजे पाण्यातला तुमचा जोडीदार.)

माझं म्हणणं असं की ही खरेदी पार उलटी चालली आहे. आधी बॅकअप निवडा, उरलेल्या पैशांत प्रायमरी घ्या, आणि लुमेनचा आकडा सगळ्यात शेवटी बघा.

लुमेनचं भूत आधी उतरवू. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे पडतो याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. जरा गणित मांडा. ५०० लुमेन १० अंशांच्या झोतात कोंबले तर तीव्रता येते साधारण २१,००० कँडेला. ४,००० लुमेन १२० अंशांत पसरवले तर जेमतेम १,३००. (झोत म्हणजे सगळीकडे सारखा भरलेला शंकू असं धरलंय. प्रत्यक्षात तसा नसतो, पण मुद्दा बदलत नाही.) म्हणजे एक-अष्टमांश लुमेनचा टॉर्च समोरच्या खडकावर सोळापट तीव्र प्रकाश टाकतो! आता बोला.

बरं, रुंद झोत नुसता कमजोर असता तरी चाललं असतं. तो आडवाही येतो. पावसाळ्यात आंबोली घाटात धुक्यात अप्पर लावून बघा, समोर पांढरी भिंत उभी राहते. पाण्यात धुकं नसतं, पण प्लवंग असतात, वाळूचे कण असतात, कुणाच्या तरी फिनने उडवलेला गाळ असतो. भिंत तीच.

शिवाय रात्री पाण्याखाली झोत हीच भाषा. खडकावर झोताने सावकाश गोल काढला म्हणजे 'ठीक आहे'. झोत भराभर आडवा हलवला म्हणजे 'गडबड आहे, इकडे बघ'. हे वाचता यायला झोताला कड लागते. १२० अंशांच्या उजेडाने गोल काढणं म्हणजे चुना मारायच्या कुंच्याने सही करणं. फोटोवाल्यांना रुंद प्रकाश लागतो हे मान्य, पण ते त्यांच्या कामाचं हत्यार झालं. त्याला प्रायमरी म्हणू नका, आणि कॅमेऱ्यावर बसवलाय म्हणून बॅकअपही म्हणू नका.

आता पेटीवरचे दावे. इथे इंजिनियर असल्याचा थोडा उपयोग करू. ३,५०० एमएएचच्या एका १८६५० सेलमध्ये साधारण १२.६ वॅट-तास ऊर्जा असते. चांगल्या एलईडीकडून वॅटमागे १२० लुमेन मिळतात असं उदारपणे धरलं, तर एका सेलमध्ये सगळे मिळून १,५०० लुमेन-तास. म्हणजे १,००० लुमेन दीड तास, नाहीतर ४,००० लुमेन वीस-बावीस मिनिटं. नाइट डाइव्ह चाळीस-पन्नास मिनिटांची असते. एका सेलवर '१०,००० लुमेन, ४ तास' असं कुणी लिहिलं असेल तर तो टॉर्च विकत नाहीये, कादंबरी विकतोय. :)

प्रामाणिक कंपन्यांचे आकडेही नीट वाचावे लागतात. २००९ साली आलेल्या एफएल-१ या अमेरिकन मानकाप्रमाणे लुमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान. आणि 'रनटाइम' धरतात तो प्रकाश त्या सुरुवातीच्या आकड्याच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंत. म्हणजे पेटीवर दोन तास लिहिलं असेल तर शेवटी तुमच्या हातात त्या झगमगाटाचा दहावा हिस्सा असू शकतो. कंपनीने वेळेगणिक प्रकाशाचा आलेख दिला असेल तर तो बघा. दिला नसेल तर का दिला नाही, याचा विचार करा.

आणि 'वॉटरप्रूफ, आयपीएक्स८' एवढ्यावर भुलू नका. १८ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या २.८ पट असतो. खोली मीटरमध्ये लिहिली नसेल तर तो टॉर्च बाल्कनीसाठी चांगला.

असो. आता बॅकअप.

बॅकअप कशासाठी असतो? बहुतेकांना वाटतं, मुख्य टॉर्च गेला तरी डाइव्ह पुढे चालू ठेवायला. छे! प्रायमरी गेला की डाइव्ह संपली. त्यानंतरची कामं मोजकी: बडीला खूण करणं, तो दिसत नसेल तर मिनिटभर शोधणं, गेज आणि कॉम्प्युटर वाचत वर येणं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं. आणि यातलं जे कुणीच धरत नाही ते सगळ्यात महत्त्वाचं: काळ्याभोर समुद्रात डोकं वर काढल्यावर बोटवाल्याला दिसणं. तुम्ही कुठे आहात हे त्याला कळलं नाही तर तो तुम्हाला शोधत फिरणार, आणि त्या बोटीला पंखा असतो.

या कामांना ४,००० लुमेन लागत नाहीत, २०० पुरतात. लागतो तो पहिल्याच फटक्यात, एका हाताने, डोळे मिटून लागणारा टॉर्च. एक बटण, चालू आणि बंद. स्ट्रोब, एसओएस असली सर्कस नको. घाबरलेल्या माणसाने तीनदा बटण दाबून योग्य मोड गाठायचा, हे डिझाइन ज्याने केलं त्याला एकदा रात्री पाण्यात सोडलं पाहिजे.

आणि तो प्रायमरीपेक्षा वेगळा हवा. हा मुद्दा सॉफ्टवेअरवाल्यांना तरी पटायला हवा. दोन सर्व्हर एकाच प्लगवर लावून आपण 'रिडंडन्सी' म्हणत नाही ना? मग एकाच मॉडेलचे दोन टॉर्च, एकाच चार्जरवर, एकाच रात्री चार्ज केलेले, याला बॅकअप कसं म्हणता? होमस्टेची वीज गेली की दोन्ही अर्धवट. प्रायमरी रिचार्जेबल घ्या, बॅकअप साध्या पेन्सिल सेलवरचा. साध्या टॉर्चमध्ये अल्कलाइन सेल हळूहळू मंदावतात, म्हणजे सूचना मिळते. रेग्युलेटेड लिथियम-आयन टॉर्च शेवटपर्यंत ऐटीत चालतो आणि मग एकदम मान टाकतो.

गुहांमध्ये डाइव्ह करणारे याबाबत कर्मठ आहेत. शेक एक्सली या अमेरिकन गुहा-डायव्हरने अपघातांचा अभ्यास करून १९७९ साली एक छोटं पुस्तक लिहिलं, आणि त्या परंपरेतला नियम आजही तोच आहे: माणशी किमान तीन दिवे. आपण गुहेत जात नाही, डोक्यावर छत नसतं, म्हणून दोन. एक नाही!

"पण बडीकडे असतो ना?" असतो, आणि बडी हरवला की त्याच्याबरोबर तोही हरवतो. "पण शॉपवाले देतात ना?" देतात, पण किती? एका बेटावर एका शॉपने आम्हा सहाजणांना माणशी एकेक टॉर्च दिला आणि "बॅकअप मास्टरकडे आहे" म्हणून सांगितलं. सहाजणांत एक बॅकअप! मी दुसरा मागितला तर मला भित्र्यात काढलं. मिळाला मात्र. शॉपात मोजके प्रश्न विचारायला लाजू नका: चार्ज कधी केला, ओ-रिंग कधी पाहिली, आणि माझा दुसरा कुठे आहे. अंदमानात डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे हे दुपारच्या जेवणानंतर लगेच विचारा. बोट सुटताना विचारलंत तर "चला चला" एवढंच उत्तर मिळेल.

बॅकअप खिशात कोंबू नका, छातीवरच्या पट्ट्याला क्लिपने अडकवा. निघण्याआधी घरी बादलीत बुडवून तासभर पेटता ठेवा. काचेत आतून वाफ धरली तर ओ-रिंगवर केस किंवा वाळूचा कण आहे. प्रायमरीची परीक्षाही बादलीतच घ्या, कारण मोठे टॉर्च पाण्याने थंड होतात आणि हवेत नुसतेच तापतात. आणि ट्रिपहून आल्यावर बॅकअपमधले पेन्सिल सेल काढून ठेवा. ते गळतात, आणि गळलेल्या सेलने खाल्लेले स्प्रिंग बाहेरून दिसत नाहीत.