फाउंडेशन बदला, गाडी नाही!

सीन इमॅजिन करा. सोलापूर, सात रस्ता. मे महिन्यातली दुपार. सिग्नल लाल, एसी फुल्ल आणि गाडी चक्क थरथरतेय! डॅशबोर्ड कुरकुरतोय, गिअरचा दांडा हातात नाचतोय, आरशात मागची एकच रिक्षा दोन-दोन दिसतेय. सिग्नल सुटला, क्लच सोडला, की पुढून ‘धप्प’! शेजारच्या सीटवर आई. ती म्हणते, ‘‘विकून टाक रे बाबा हिला. माझे दात हलायला लागले.’’

ही स्टोरी माझ्या एका मित्राची. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोडिंग आणि महिन्यातून एखादा वीकएंड सोलापूरला आई-बाबांकडे. घरी बाबांनी 2003 साली हौसेनं घेतलेली फियाट पॅलिओ 1.6. आता तुम्ही म्हणाल, पॅलिओ ही काय स्पोर्ट्‌स कार आहे का? तर बॉस, खरीखुरी टू-सीटर हवी असेल तर गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म किंवा अलिबागची चिंकारा. पण त्या आपल्यापैकी किती जणांच्या दारात उभ्या राहिल्या? 2001 मध्ये आलेल्या या छोट्याशा हॅचबॅकमध्ये मात्र तब्बल शंभर हॉर्सपॉवर होती, तेव्हाच्या मारुती 800च्या दुपटीहून जास्त! वर ब्रँड अ‍ॅम्बॅसॅडर कोण, तर साक्षात सचिन. मध्यमवर्गीय घराची फेरारी ती हीच.

तर थरथर सुरू झाल्यावर मित्रानं गाडी दाखवली. एका ठिकाणी प्लग बदलले. दुसऱ्या ठिकाणी थ्रॉटल बॉडी साफ झाली. तिसऱ्या ठिकाणी तर व्हील बॅलन्सिंग करून दिलं. अरे, सिग्नलला उभ्या गाडीची चाकं फिरतच नाहीत, मग बॅलन्सिंगनं काय होणार? खिसा हलका झाला, गाडी हलतच राहिली. शेवटी भंगारवाल्याला फोन गेला. बाबांना विचारलं, तर ते पेपरमधून मान वर न करताच म्हणाले, ‘‘तुला योग्य वाटेल ते कर.’’ आपल्याकडच्या बाबांची ही भाषा ज्याला कळते त्याला कळते!

जाता जाता एक लास्ट चान्स म्हणून गाडी एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. चाचांनी लॅपटॉप जोडला नाही की काही नाही. बॉनेट उघडलं, बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा. पहिला टाका आणि क्लच थोडासाच सोडा.’’ इंजिन एका बाजूला झुकलं. मग रिव्हर्स. इंजिन दुसऱ्या बाजूला! चाचा हसले, ‘‘बघा की, इंजिन नमस्कार करायलंय. फाउंडेशन गेलंय.’’

फाउंडेशन? मेकअपचं नाही हो! कंपनीच्या पुस्तकात ज्याला इंजिन माउंट म्हणतात, त्याला गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात. धातूच्या दोन भागांच्या मधोमध जाडजूड रबर. इंजिन थेट बॉडीला बोल्ट करत नाहीत, या रबरावर तोलून धरतात. पॅलिओसारख्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांत साधारण तीन ठिकाणी : एक इंजिनाच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या बाजूला आणि एक खाली, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन मागे-पुढे डुलू नये म्हणून. काम तीन प्रकारचं. वजन पेलायचं, थरथर गिळायची आणि इंजिनाला जागेवर ठेवायचं. रबर कडक झालं की थरथर सरळ तुमच्या हातात आणि फाटलं की ‘धप्प’!

बाय द वे, रबरावर तरंगणारं इंजिन ही आयडिया गाजवली अमेरिकेच्या क्रायस्लरनं. 1931च्या प्लायमाउथमध्ये ती ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावानं आली. आणि पुढे याच क्रायस्लरशी हातमिळवणी करून 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी करणारे वालचंद हिराचंद जन्मले कुठे? सोलापुरात! त्या प्रीमियरचा कुर्ल्याचा कारखाना पुढे फियाटकडे गेला आणि पॅलिओही तिथेच बनू लागली. म्हणजे चाचांच्या गॅरेजपर्यंत आलेली ही गाडी एका अर्थी माहेरीच आली होती म्हणायची.

पण गाडी फारशी पळालेली नसताना फाउंडेशन गेलंच कसं? कारण रबर नुसत्या किलोमीटरवर म्हातारं होत नाही. वय, उष्णता आणि तेल हे त्याचे तीन दुश्मन. मे महिन्यात चाळिशीपार जाणारा सोलापूरचा पारा, बॉनेटखालची भट्टी आणि वरून टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून थेंब-थेंब झिरपणारं ऑइल. रबर फुगलं, मऊ पडलं, फाटलं. म्हणून चाचांनी आधी गॅस्केट बदललं. नाहीतर नवं फाउंडेशनही त्याच वाटेनं गेलं असतं.

आता पार्ट मिळवायची गंमत. फियाटनं इथे नव्या गाड्या विकणं बंद करून काही वर्षं झालीत. मित्रानं वीकएंडला पुण्यातली स्पेअर पार्ट्‌सची दुकानं पालथी घातली आणि तिन्ही फाउंडेशन जमवली. कुणी म्हणालं, ‘‘जुन्यातच पॉलियुरेथेन भर, रेसवाले तेच करतात.’’ खरंय, त्यानं इंजिन घट्ट बसतं, पण थरथरही दुप्पट जोमानं आत येते. ट्रॅकवर ठीक, आईला सिद्धेश्वराच्या दर्शनाला न्यायचं असेल तर रबरच बरं.

मग काम सुरू. ऑइल चेंबरखाली जॅक, पण मध्ये लाकडी फळी, म्हणजे पत्रा चेपत नाही. इंजिनाचं वजन जॅकवर घेतलं आणि एका वेळी एकच फाउंडेशन काढलं. बोल्ट आधी नुसते हातानं लावले. तिन्ही बसल्यावर जॅक खाली घेतला, इंजिन आपल्या जागी स्थिरावू दिलं आणि मगच आवळले. आधीच आवळले तर नवं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तिन्ही एकदम का? एक नवं आणि दोन थकलेली असली की सगळा भार त्या नव्यावर येतो. ऑफिसमध्ये नाही का, टीममधला एकटा नवा पोरगा सगळ्यांचं काम ओढतो, तसंच!

जमलेल्यांसाठी चाचांनी क्लासच घेतला. लक्षात ठेवण्यासारखं इतकंच :

– गाडी न्यूट्रलला उभी असताना थरथरते आणि गिअर टाकताना ‘धप्प’ होते? आधी फाउंडेशन बघायला सांगा.
– दुर्लक्ष केलं तर धक्के सायलेन्सरचा पाइप, रबरी होज आणि अ‍ॅक्सलच्या जॉइंटवर जातात. बिल वाढतच जातं.
– सेकंडहँड गाडी घेताय? चाचांची टेस्ट करून बघा. मात्र मेकॅनिकलाच करू द्या आणि गाडीच्या पुढे कुणी उभं राहायचं नाही.

संध्याकाळी गाडी घरी आली. चावी मित्रानं बाबांच्या हातात दिली. बाबा बऱ्याच महिन्यांनी ड्रायव्हिंग सीटवर बसले, स्टार्टर मारला आणि गिअरच्या दांड्यावर नुसता हात ठेवून राहिले. दांडा स्तब्ध. ‘‘हं,’’ एवढंच म्हणाले. मग आईला हाक मारली, ‘‘चल गं, होटगी रोडला एक चक्कर मारून येऊ.’’

मित्राला मागच्या सीटवरही बोलावलं नाही! भंगारवाल्याचा नंबर मात्र त्यानं तेव्हाच डिलीट केला.