बाजारतळावरचे पत्रक



मागच्या महिन्यात पारनेरच्या आठवडे बाजारात घडलेली गोष्ट सांगते. माझा भाचा सुट्टीसाठी आला होता. अकरावीत आहे, नमाजी आहे, डोक्यावर टोपी असते. आम्ही भाजी घ्यायला गेलो होतो. बाजारतळाच्या कडेला एक मध्यमवयीन जोडपे उभे होते. खांद्याला कापडी पिशवी, हातात पत्रके. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते एकेक पत्रक देत आणि येशूबद्दल दोन शब्द बोलत. त्यांनी भाच्यालाही एक दिले. त्याने वरची ओळ वाचली, कागद चुरगाळला आणि त्या गृहस्थांच्या पायाशी टाकला. "आम्हाला नका शिकवू," म्हणाला.

शेजारी उभी असलेली पोरे हसली. एकाने मोबाइल पुढे धरून विचारले, "किती पैसे मिळतात याचे?" त्या गृहस्थांनी वाकून कागद उचलला, "राग आला असेल तर माफ करा, भाऊ," म्हणाले आणि दोघे पुढे निघून गेले. मी मेथीची जुडी हातात धरून गप्प उभी राहिले.

संध्याकाळी भाच्याने हा पराक्रम अम्मीला सांगितला. अम्मीने एवढेच विचारले, "कागदावर काय लिहिलं होतं?" तो म्हणाला, "ईसा आणि मरियमबद्दल काहीतरी." अम्मी म्हणाली, "मग तू कुणाचं नाव मातीत टाकलंस, बेटा?"

त्याच्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याकडेही नव्हते.

हजरत ईसा (अ.) हे अल्लाहचे प्रेषित आहेत, ही आपल्या ईमानातली गोष्ट आहे. कुरआनात बीबी मरियम यांच्या नावाची एक पूर्ण सूरह आहे. हबशाच्या दरबारात हजरत जाफर (रजि.) यांनी तीच सूरह वाचली, तेव्हा ख्रिस्ती राजा नजाशीच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने मक्केतून आलेल्या मुसलमानांना आसरा दिला. ख्रिस्ती बांधव हजरत ईसांना देवाचा पुत्र मानतात, आपण मानत नाही. हा फरक मोठा आहे, तो झाकण्याचे कारण नाही. पण फरक सांगणे वेगळे आणि कागद पायाशी फेकणे वेगळे.

रस्त्यावर उभे राहून अनोळखी माणसाला आपल्या श्रद्धेबद्दल सांगणे हे काम आपल्याला परके नाही. प्रेषित मुहम्मद (स.) मक्केच्या आसपासच्या जत्रांत आणि हजच्या दिवसांत मिना येथे परगावच्या लोकांना भेटून दीन सांगत. मागून अबू लहब येई आणि ओरडे, याचे ऐकू नका, हा खोटा आहे. ताइफला तर सरदारांनी नकार दिलाच, वर गावची पोरे त्यांच्या मागे सोडली. पोरांनी दगड मारले, प्रेषितांचे पाय रक्ताने भरले. एका बागेच्या आडोशाला ते बसले, तेव्हा त्यांच्यासमोर द्राक्षांचे ताट घेऊन कोण आला? अद्दास. निनव्याचा एक ख्रिस्ती गुलाम. त्याच्या मालकांनी त्याला पाठवले होते. पण थांबून दोन शब्द बोलला तो अद्दासच, आणि हजरत यूनुस (अ.) यांचे नाव ऐकून प्रेषितांसमोर आदराने वाकलाही तोच.

हा किस्सा आपण मुलांना दरवर्षी सांगतो. पारनेरच्या बाजारात त्या दिवशी आपले मूल कुणाच्या जागी उभे होते, हे मात्र मला अम्मीने विचारल्यावर कळले.

आपल्या नगर जिल्ह्याला असा प्रचार नवा नाही. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरला सुरू झाले. मिशनरी गावोगाव फिरत, चावडीपुढे बोलत, शाळा काढत. इथल्या ख्रिस्ती लोकांनी पुढे आपल्या मातीतले कीर्तनही उचलले. निळोबारायांचे पिंपळनेर ज्या तालुक्यात आहे, तिथल्या माणसाला चारचौघांत देवाचे नाव ऐकण्याची सवय जुनीच.

याच नगरशी जोडलेले नाव म्हणजे कवी नारायण वामन टिळक. 1893 च्या सुमारास रेल्वेच्या डब्यात त्यांची एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाशी गाठ पडली. त्या गृहस्थांनी आधी टिळकांशी कवितेच्या गोष्टी केल्या, त्यांच्या विद्येचा मान ठेवला आणि मग बायबलचा नवा करार हातात दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.  टिळकांचा निर्णय आपल्याला पटो न पटो, एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: माणसाचा मान ठेवला की तो ऐकतो.

याला दुसरी बाजूही आहे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे, त्यांना माहीत आहे की त्या निर्णयाने एका बाईचा संसार मोडायला आला होता. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे स्वतःच्या विचाराने त्यांनीही तो धर्म स्वीकारला. म्हणून धर्म सांगणाऱ्याने, मग तो ख्रिस्ती असो की मुसलमान, हे ध्यानात ठेवावे की ऐकणाऱ्याच्या मागे एक घर असते. आजारी माणसाला बरे करण्याची हमी देणे, गरिबाला पैशाचे आमिष दाखवणे, दुसऱ्याच्या श्रद्धेला शिव्या देणे, आईबापांच्या नकळत लहान मुलांना गाठणे, हे कुणीही केले तरी चूकच. दीनमध्ये जबरदस्ती नाही, हे कुरआनने सूरह बकरहमध्ये सांगितलेच आहे.

राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. प्रसार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्पष्ट केले. आपला माणूस मराठी कुरआन घेऊन चौकात उभा राहतो, तो याच कलमाच्या आधारावर. आज त्या जोडप्यासमोर मोबाइल धरणारी पोरे उद्या त्याच्यासमोरही धरतील. तेव्हा आपण कुणाकडे न्याय मागणार?

मग घरात मुलांना काय सांगायचे? पत्रक नको असेल तर "नको, शुक्रिया" म्हणावे आणि पुढे जावे. घेतले तर घडी करून ठेवावे. कुणी बोलायला थांबवले आणि वेळ असेल तर ऐकावे. मत विचारले तर शांतपणे सांगावे, आम्हीही हजरत ईसांना मानतो, मात्र प्रेषित म्हणून. उत्तर येत नसेल तर "घरी विचारून सांगतो" म्हणण्यात कमीपणा नाही. सूरह नहलची 125 वी आयत सांगते की बोलावणे शहाणपणाने आणि चांगल्या उपदेशाने करावे, वाद घालायचा तर उत्तम रीतीने. ग्रंथधारकांच्या बाबतीत सूरह अनकबूतच्या 46 व्या आयतीतही तीच ताकीद आहे. आणि आपल्यासमोर कुणी दुसऱ्याचा अपमान करत असेल, तर मोठ्यांनी मेथीची जुडी खाली ठेवून मध्ये पडावे. ही शेवटची सूचना माझ्यासाठी आहे.

त्या रात्री भाच्याने अम्मीकडून सूरह मरियमचा मराठी अर्थ मागून घेतला. पुढच्या बाजारी आम्ही दोघे त्या जोडप्याला शोधत फिरलो. ते आले नव्हते. भाच्याला माफी मागायची आहे, तो अजून विचारत असतो. पारनेरच्या, सुप्याच्या किंवा शिरूरच्या बाजारात ते तुम्हाला कुठे भेटले, तर आमच्या वतीने आधी एक कप चहा पाजा.

अल्लाह आपल्या मुलांच्या जिभेला नरमाई आणि मनाला पक्केपणा देवो. आमीन.