सगळ्या वर्गाला शिक्षा

बी.एड.च्या वर्षी आम्हाला बजावले जायचे : एकाने खडू फेकला म्हणून सगळा वर्ग उभा करू नका. मी हा नियम किती पाळला ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारू नये! पण आमची शिक्षा घंटा झाली की संपते.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्याच आठवड्यात दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना मोजक्या पानांची यादी पाठवली, ही बंद करा. कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड, जिओसिटीज यांची दारेच लावून घेतली. पाककृती लिहिणारी बाई, कविता टाकणारा पोरगा, सगळे गायब. स्फोटानंतर लोकांना आपल्या माणसांची खबर मिळावी म्हणून धडपडणारे 'मुंबई हेल्प'ही ब्लॉगस्पॉटवरच होते. ओरड झाल्यावर सरकारने हात वर केले : चूक कंपन्यांची.

चूक पहिली नव्हती. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातल्या एका बंदी घातलेल्या संघटनेशी संबंधित 'किनहुन' हा मूठभर सभासदांचा याहू गट बंद करण्याचा हुकूम निघाला होता. याहूने नकार दिला, तेव्हा देशभर याहूचे सगळेच गट बंद झाले.

एकाच्या शोधात अख्खा मोहल्ला रात्री उठवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. तरी २००६ च्या यादीत मुसलमानांविरुद्ध गरळ ओकणारे 'हिंदू युनिटी' होते म्हणून आपल्यातलेच काही म्हणतात, "बरे झाले!" मला हे मुळीच पटत नाही. गरळ ओकणाऱ्यावर खटला भरा, त्याला कोर्टात उभा करा. कारण न सांगता कुलूप लावायची सवय एकदा लागली, की ते कुलूप आपल्या दारावर यायला किती वेळ?

आणि ती सवय आता कायद्यात बसली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालचे २००९ चे नियम वाचा. नोटीस कोणाला द्यायची? लिहिणाऱ्याला किंवा पान ठेवणाऱ्या कंपनीला. भाषेचा मास्तर म्हणून सांगतो, सगळा अन्याय त्या 'किंवा'मध्ये आहे. वर नियम १६ म्हणतो, तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवा. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने ६६अ रद्द केले, शुक्र आहे. ६९अ मात्र राखले. कारणे लेखी नोंदवावी लागतात, म्हणून त्यांना आव्हान देता येते असे म्हटले. पण कारण फाईलीत आणि फाईल कपाटात, तर आव्हान कशाला द्यायचे? ट्विटरसारखी कंपनी कर्नाटक उच्च न्यायालयात गेली, तर २०२३ मध्ये हरली आणि ५० लाखांचा दंड घेऊन आली. मग शंभर वाचकांचे पान चालवणाऱ्याने कोणाकडे जावे?

आमच्या शाळेत एखाद्या पोराला दोन दिवस घरी बसवायचे झाले, तरी त्याच्या अब्बांना आधी चिठ्ठी जाते. चिठ्ठीत कारण असते, खाली मुख्याध्यापकांची सही असते. सरकारकडे मी एवढेच मागतो आहे.